पारंपरिक धनुष्याने माउंटन गोटची शिकार: ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांसाठी वर्षभराची तयारी

धनुष्यबाणाने शिकार करायची ठरली की माणूस सगळ्यात आधी धनुष्याच्या मागे लागतो. माउंटन गोटच्या बाबतीत क्रम उलटा ठेवावा लागतो. पहिला प्रश्न असा, की बाण लागल्यावर जनावर पडणार कुठे? हा शेळीसारखा दिसणारा पांढरा प्राणी उभ्या कड्यांवर जगतो, संकट आलं की कड्याकडेच वळतो, आणि बाण वर्मी बसला तरी शेवटच्या काही पावलांत कड्यावरून खाली जाऊ शकतो. दोन-तीनशे मीटर खाली आपटलेल्या जनावराचं मांस खाण्याजोगं राहत नाही. मधल्याच एखाद्या कपारीत ते अडकलं तर तिथवर पोचायच्या नादात माणसाचा जीव जाऊ शकतो. धनुष्य किती पौंडांचं, बाण किती जड, बूट कुठले, कुठल्या बाजूने चढायचं, किती तास नुसतं बसून राहायचं, ही सगळी उत्तरं या एका प्रश्नातून निघतात.

हा लेख सह्याद्रीत भटकून कॅनडात स्थायिक झालेल्या, तिथे कायद्याने शिकार करता येते हे कळल्यावर तिरकमठा हातात घेतलेल्या मराठी मंडळींसाठी आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. ब्रिटिश कोलंबियात परिस्थिती वेगळी आहे. जगातल्या निम्म्याहून अधिक माउंटन गोट या एका प्रांतात राहतात, आणि शिकार कुठे, कधी, किती हे सरकार ठरवतं. पण कळपांची संख्या सगळीकडे सारखी नाही. काही भाग पूर्ण बंद आहेत, काही सोडतीवर चालतात. त्यामुळे मागच्या वर्षीची माहिती यंदा चालेल असं धरून चालू नका.

कागदपत्रं: हिवाळ्यातच उरकून टाका

प्रांताचा रहिवासी म्हणून शिकार करायची तर कॅनडाचं नागरिकत्व किंवा कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना हवा, मुख्य घर ब्रिटिश कोलंबियात हवं आणि मागच्या बारा महिन्यांपैकी सहा महिन्यांत तुम्ही बहुतांश काळ प्रांतात हजर असायला हवं. त्यानंतर ‘कोअर’ नावाचा शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम आणि परीक्षा. मग परवाना, गोटसाठीचा वेगळा टॅग (एका जनावराच्या शिकारीची परवानगी), आणि तुमचा भाग सोडतीचा असेल तर तिथला अर्ज. या अर्जाची मुदत हंगामाच्या कितीतरी आधी संपते, म्हणून ती तारीख जानेवारीतच कॅलेंडरवर टाका. प्रांताबाहेरच्या माणसाला परवानाधारक गाइड किंवा खास परवानगी घेतलेला स्थानिक रहिवासी सोबत घ्यावा लागतो. अलास्कातही परदेशी शिकाऱ्याला गाइडशिवाय गोटची शिकार करता येत नाही.

धनुष्यासाठीही नियम आहेत. ब्रिटिश कोलंबियात मोठ्या जनावरासाठी धनुष्याची ओढ, म्हणजे ते ओढायला लागणारा जोर, तुमच्या स्वतःच्या ओढलांबीला (दोरी तुम्ही जेवढी मागे ओढता त्या अंतराला) किमान १८ किलो, म्हणजे ४० पौंड हवी आणि ब्रॉडहेड, म्हणजे बाणाचं धारदार पात्यांचं टोक, किमान २.२ सेंटिमीटर रुंद हवं. अलास्कात गोटसाठी ही मर्यादा ५० पौंड आहे. कायद्याची किमान मर्यादा म्हणजे पुरेशी ताकद असं समजू नका, हे पुढे येईलच.

आधी नर आणि मादी ओळखायला शिका

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा अभ्यास हाच आहे. हिमालयातल्या गोरल आणि सेरो यांच्याच उपकुळातला हा प्राणी. नर आणि मादी दोघंही पांढरे, दोघांनाही दाढी, दोघांनाही काळी, टोकदार शिंगं. नराला तिकडे बिली म्हणतात, मादीला नॅनी. मादीला पहिलं पिल्लू व्हायला साधारण चार-पाच वर्षं लागतात, एका वेळी बहुधा एकच होतं, आणि पहिल्या हिवाळ्यात बरीच पिल्लं दगावतात. थोड्या माद्या गेल्या तरी छोटा कळप सावरायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून शिकाऱ्यांनी नरच निवडावा असं वनखातं आवर्जून सांगतं, आणि पिल्लासोबतच्या किंवा पिल्लं असलेल्या कळपातल्या मादीला हात लावायला बंदी आहे.

ओळख शिंगांच्या लांबीवरून करू नका, मादीचीही शिंगं लांब असतात. बघायचं ते शिंगांचं बूड. समोरून बघितलं तर नराची शिंगं बुडाशी जाड असतात आणि दोन्ही शिंगं जवळजवळ भिडलेली दिसतात. मधली फट एका शिंगाच्या जाडीच्या निम्मीही नसते. मादीची शिंगं बारीक आणि मधे एका शिंगाएवढी तरी मोकळी जागा. बाजूने बघितलं तर नराचं शिंग बुडापासून टोकापर्यंत एकसारखं वळत जातं, मादीचं बराच वेळ सरळ जाऊन शेवटी मागे वाकतं. नराच्या शिंगांमागे चंद्रकोरीसारखी काळी ग्रंथी असते, वय वाढेल तशी ती फुगीर दिसते. लघवी करताना नर पाय ताणून पुढे झुकतो, मादी मागचा भाग खाली करून बसते. दुर्बिणीतून तासभर बघत राहिलात तर ही खूण हमखास मिळते. तिच्याइतकी पक्की दुसरी नाही.

नर बहुधा एकटा किंवा दोघा-तिघांत असतो. पण एकटं जनावर दिसलं म्हणून तो नरच, असं मानायची चूक करू नका. एकट्या माद्याही असतात. अलास्काच्या खात्याने ओळखीच्या सरावासाठी फोटोंची प्रश्नमंजूषा ऑनलाइन ठेवली आहे. ती उघडा आणि एकही उत्तर चुकत नाही तोवर पुन्हा पुन्हा सोडवा. उन्हाळ्यात एखाद्या शनिवारी ट्रायपॉड, स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची एकनळी दुर्बीण) आणि डबा घेऊन नुसते गोट बघायला जा. धनुष्य घरी ठेवा.

धनुष्य आणि बाण

साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये विश्वविजेते झाल्यापासून मराठी घरांत धनुर्विद्या म्हटलं की त्यांचं कंपाउंड धनुष्य डोळ्यासमोर येतं: कप्प्या, साइट, आणि पूर्ण ओढल्यावर हातावरचं वजन कमी करणारी यंत्रणा. पारंपरिक धनुष्यात यातलं काही नाही. लांब, साध्या वळणाचा लाँगबो असो की टोकं पुढे वळलेलं रिकर्व्ह, पूर्ण ओढलंत की सगळं वजन तुमच्या बोटांवर आणि पाठीवर, आणि नेम डोळ्याने. त्यामुळे जेवढं जड धनुष्य तुम्ही दमलेल्या, थंड हातांनी, उतारावर गुडघ्यावर बसून न थरथरता ओढू शकता, तेवढंच तुमचं.

माझा सल्ला ४५ ते ५५ पौंडांचा. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. धनुष्यावर लिहिलेला आकडा २८ इंचांच्या ओढीचा असतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांची ओढ २६ किंवा २७ इंचच भरते, आणि दर इंचाला साधारण दोन ते तीन पौंड कमी होतात. ५० पौंडांचं म्हणून घेतलेलं धनुष्य तुमच्या हातात प्रत्यक्षात ४५ पौंडांचं असू शकतं. तिरंदाजीच्या दुकानात वजनकाट्यावर स्वतःच्या ओढलांबीला मोजून घ्या. नियमाच्या दृष्टीनेही हाच आकडा धरला जातो.

डोंगरासाठी मी तीन तुकड्यांत सुटणारं, फायबरग्लासच्या थरांचं, ५८ ते ६२ इंचांचं रिकर्व्ह निवडेन. एका लाकडातून घडवलेलं धनुष्य सुंदर असतं, पण आठवडाभराच्या पावसात त्यात ओल शिरते आणि ओढ बदलते. सुटणारं धनुष्य सॅकमध्ये आडवं बांधता येतं, म्हणजे कातळटप्प्यावर दोन्ही हात मोकळे राहतात. लांब लाँगबो हाताला जास्त स्थिर वाटतो हे खरं, पण गुडघ्यावर बसून खाली नेम धरताना त्याचं खालचं टोक दगडाला लागतं. सोबत दुसरी दोरी ठेवा, आणि ती आधी शेकडो बाण सोडून ताणून बसवलेली असू द्या. नवी दोरी ताणते, आणि ती ताणली की बाण जागेवर लागत नाहीत.

बाण जड हवा. ५० पौंडांच्या धनुष्यातून ५५० ग्रेनचा (सुमारे ३६ ग्रॅमचा) बाण सेकंदाला साधारण ५० मीटर जातो. वेग कमी वाटेल, पण जड बाणाने धनुष्याचा आवाज कमी होतो आणि हाडाजवळून जातानाही बाण आत शिरत राहतो. कांडीचा ताठपणा, म्हणजे स्पाइन, धनुष्याशी जुळायला हवा. त्यासाठी पिसं नसलेला एक बाण पिसांच्या बाणांसोबत सोडून बघा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण डावीकडे गेला तर कांडी जास्त ताठ आहे, उजवीकडे गेला तर जास्त लवचीक. हे जुळल्याशिवाय ब्रॉडहेड लावू नका, कारण ब्रॉडहेड प्रत्येक दोष दुप्पट करून दाखवतं.

ब्रॉडहेड दोन पात्यांचं, एकसंध पोलादाचं. धार लावायला संध्याकाळ मोकळी ठेवा. आधी कानशीने कोन बसवायचा, मग बारीक दगडावर दोन्ही बाजूंना सारखे फेरे, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर घासून धारेवरची बारीक कूस काढायची. मग रबरबँड दोन बोटांत किंचित ताणून धरा आणि त्यावर पातं नुसतं टेकवून सरकवा. दाब न देता रबर तुटलं तर धार झाली. रबर आधी दबलं आणि मग तुटलं तर पुन्हा दगडाकडे. भोथऱ्या पात्याने जनावर तासन् तास हाल काढतं, म्हणून या बाबतीत तडजोड नको. धार झाली की व्हॅसलिनचा पातळ थर द्या, नाहीतर किनाऱ्याजवळच्या डोंगरांत एका रात्रीत गंज चढतो.

पिसं टर्कीची. धनुष्याच्या खाचेवरून थेट सोडायच्या बाणाला प्लास्टिकची पाती चालत नाहीत, ती खाचेला धडकतात. पण पिसं भिजली की कांडीला चिकटून बसतात आणि बाण भरकटतो. पिसांवर जलरोधक पावडर चोळा आणि भात्याच्या वरच्या टोकाला पातळ पिशवी बांधून ठेवा.

सराव: दिवसाचा पहिला बाण

मैदानावर शंभर बाण सोडून शेवटचे दहा छान लागले, याला इथे काही किंमत नाही. डोंगरावर तुम्हाला एकच बाण मिळणार, तोही न तापलेल्या हातांनी. म्हणून एप्रिलपासून रोज सकाळी सराव न करता एकच बाण सोडा आणि तो कुठे लागला ते वहीत लिहा. पावसाळी जॅकेट घालून, पाठीवर सॅक घेऊन, कधी जिने चढून धाप लागलेली असताना. ज्या अंतरावर या पहिल्या बाणांपैकी जवळजवळ सगळे १५ सेंटिमीटरच्या वर्तुळात जातात, ते तुमचं अंतर. पारंपरिक धनुष्यावर चांगल्या माणसाचं हे अंतर १५ ते २० मीटर निघतं. कुणाचं १२ निघालं तर १२. मग डोंगरावर त्यातले एक-दोन मीटर कमी धरा.

दुसरा मोठा भाग उताराचा. गोटच्या वरून जायचं असल्याने बाण बहुधा तीव्र उतारावर खालच्या दिशेने सुटतो. इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, बाणाच्या पडण्याचा हिशोब तिरक्या अंतरावर होत नाही, आडव्या अंतरावर होतो. १८ मीटर लांब आणि ३५ अंश खाली असलेलं जनावर बाणाच्या हिशोबाने पंधरा मीटरच्याही किंचित अलीकडे असतं, म्हणून बाण वर लागतो. या अंतरावर हा फरक लहान आहे. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. माणूस खाली नेम धरताना फक्त हात खाली नेतो, खांदा कोसळतो आणि ओढ इंचभर कमी होते. उपाय एकच. सरळ उभं राहून धनुष्य पूर्ण ओढा, बोटं ओठाच्या कोपऱ्यावर टेकवा, आणि मग कमरेतून वाका, म्हणजे खांदे आणि हात यांची रेघ मोडत नाही. एखाद्या क्लबचा उताराचा मार्ग असेल तर उत्तम, नाहीतर परवानगी असलेल्या जागी टेकाडावरून सराव करा. गुडघ्यावर, बसून, एक पाय खाली एक वर, धनुष्य तिरपं धरून. सपाट जमिनीवर पाय जुळवून उभं राहायची सवय डोंगर पहिल्याच दिवशी मोडतो.

पाय, आणि विशेषतः उतरणं

हरिश्चंद्रगडाची नळीची वाट किंवा लिंगाण्याची चढाई केलेल्यांना घसारा, आडवी वाट, दृष्टिभय हे शब्द समजावून सांगायला नकोत. ती तयारी इथे उपयोगी पडते. फरक असा की इथे वाट नाही, मदतीला पायथ्याचं गाव नाही, आणि परत येताना पाठीवर ३०-३५ किलो असतं.

जानेवारीपासून आठवड्यातून तीन दिवस पायांचे. व्हँकुव्हरजवळच्या मंडळींना ग्राउज ग्राइंडचा सुमारे ८०० मीटरचा चढ आहेच, पण तिथून पायी उतरू देत नाहीत, आणि आपल्याला सराव उतरण्याचा हवा. म्हणून दुसरी वाटही शोधा. मार्चमध्ये सॅकमध्ये १० किलो, मेमध्ये १८, जुलैअखेर महिन्यातून एक-दोनदा २५ ते ३०. वजनासाठी पाण्याचे कॅन वापरा. गुडघा कुरकुरला तर वरती पाणी ओतून रिकाम्या सॅकने उतरता येतं. मांडीच्या पुढच्या स्नायूंना उतारावर वजन पेलायची सवय लागायला महिने जातात, शेवटच्या तीन आठवड्यांत ती येत नाही.

बर्फाची कुऱ्हाड वापरून घसरण थांबवणं, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे) घालून गवताळ निसरड्या उतारावर चालणं, हे वाचून येत नाही. गिर्यारोहणाचा एक दोन दिवसांचा वर्ग करा. डोंगरावर माझा नियम साधा आहे: जो टप्पा पावसात, ओझं घेऊन उतरता येणार नाही, तो कोरड्या हवेत रिकाम्या हातानेही चढायचा नाही. तीस मीटरचा दोर मी नेतो, पण तो सॅक खाली सोडायला आणि मांस बांधायला. दोरामुळे धीर येऊन माणूस नको तिथे चढतो.

सामान

आठवड्याच्या सामानाची सॅक धनुष्य सोडून वीस-बावीस किलोच्या आत बसवा. ताठ तळाचे गिर्यारोहणाचे बूट हंगामाआधी महिनोन् महिने वापरलेले हवेत. हेल्मेट हवंच, कारण वरचे गोट दगड पाडतात. वारा सोसणारा तंबू, मरिनो लोकरीचे थर, ओलं झालं तरी ऊब देणारं जॅकेट, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र, अस्वलासाठीचा स्प्रे कमरेला, सॅकमध्ये नव्हे. सूती कपडा एकही नको. सप्टेंबरमध्ये तिथे सकाळी ऊन, दुपारी पाऊस आणि रात्री बर्फ असं एकाच दिवसात होतं.

खाण्याच्या बाबतीत आपलं स्वयंपाकघर खरोखर कामाला येतं. दिवसाला साधारण ३५०० कॅलरी लागतात आणि वजन ८०० ते ९०० ग्रॅमच्या आत ठेवायचं असतं. तुपात भाजून मसाला घातलेला उपम्याचा कोरडा रवा, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, घरचे दाण्याचे लाडू, मेतकूट आणि झटपट शिजणारा तांदूळ, वर डबीत तूप. गरम पाणी घातलं की जेवण तयार. वास येणारं सगळं रात्री तंबूपासून दूर, अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात.

जवळ जाणं

पहिला दिवस नुसता बघण्याचा. समोरच्या धारेवर बसून गोट कुठे चरतात, कुठे बसतात, कुठल्या पट्टीवरून ये-जा करतात ते टिपा. सकाळ-संध्याकाळ ते गवताच्या उतारांवर येतात आणि दुपारी कड्यातल्या कपारीत बसून रवंथ करतात. त्यांची नजर तीक्ष्ण असते, पण शत्रू खालून येतो हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे, म्हणून लक्ष खाली असतं. तुम्ही वरून जायचं.

वाऱ्याशी मात्र गाठ पडते. पहाटे थंड हवा घळीतून खाली वाहते; ऊन लागलं की तीच हवा वर चढायला लागते. मधल्या तासाभरात ती कुठेही फिरते. वरून उतरायचं तर हवा नक्की वर वाहू लागल्यावर, म्हणजे उन्हं चांगली तापल्यावर. बारीक पावडरची छोटी बाटली जवळ ठेवा आणि दर काही मिनिटांनी चिमूटभर सोडून बघा. पावडर गोटच्या दिशेने गेली तर थांबा किंवा परत फिरा. धारेच्या माथ्यावर दोन्हीकडचे वारे भेटून गोल फिरतात, तिथे घुटमळू नका.

दगड घरंगळल्याचा आवाज त्यांना रोजचा असतो, त्याने ते फारसे बिचकत नाहीत. धातूचा खणखणाट आणि माणसाचा आवाज मात्र लगेच कळतो. शेवटच्या शंभर मीटरला सॅक आणि काठ्या मागे ठेवा, बकलं आणि चेन आधीच कापडाने गुंडाळून ठेवा. शेवटचे तीस मीटर उतरायला तास लागला तरी चालेल.

सोडायचा की नाही

जनावर १५ मीटरवर आहे, नर आहे, वारा बरोबर आहे. आता बाणाकडे न बघता जमिनीकडे बघा. ते आत्ता जिथे उभं आहे तिथून प्रत्येक दिशेला वीस पावलं गेलं तर काय होईल? खाली गवताचा उतार आहे, की घसाऱ्याचा पट्टा, की तुटलेला कडा? कड्याच्या काठाशी असेल तर सोडू नका. थांबा. संध्याकाळी ते चरायला गवताच्या पट्ट्यावर येईल, कदाचित उद्या सकाळी येईल. धनुष्याने शिकार करणाऱ्याला वेळेचा जेवढा उपयोग होतो तेवढा कशाचाच होत नाही, आणि माझ्या मते या शिकारीचं खरं कसब इथे आहे, नेमात नाही.

बसलेल्या जनावरावर सोडू नका, ते उठेपर्यंत बसून राहा. उठल्यावर बहुधा ते अंग ताणून क्षणभर बाजू देतं. पूर्ण बाजू किंवा किंचित पलीकडे वळलेलं, एवढंच चालेल. समोरून कधीच नाही.

कुठे लावायचा यात केस फसवतात. खांद्यावरचा उंचवटा मणक्याच्या उंच काट्यांचा असतो, त्याखाली जीव नसतो. छातीखाली लोंबणारे केस शरीर आहे त्यापेक्षा खोल दाखवतात. वरचा उंचवटा आणि खालचे केस मनातून वजा करा, उरलेल्या शरीराच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, पुढच्या पायाच्या लगेच मागे. वरून सोडताना बाण कुठे शिरेल यापेक्षा कुठून बाहेर पडेल ते बघा. तो पलीकडच्या पुढच्या पायाच्या आतल्या बाजूने, छातीच्या खालच्या भागातून निघायला हवा. त्या रेषेवरून उलट मागे येत जो केस सापडेल, तिथे डोळा ठेवा.

बाण गेल्यावर

हलू नका, दुसरा बाण दोरीला लावून ठेवा आणि गप्प राहा. पारंपरिक धनुष्याचा आवाज इतका कमी असतो की चांगला बाण लागलेलं जनावर कित्येकदा काही पावलं चालून नुसतं थांबतं, मग बसतं. तुम्ही उठून धावलात तर तेच जनावर कड्याकडे जाईल. फुप्फुसात बाण लागला असेल तर काम थोड्याच वेळात संपतं. मागे पोटात लागल्याची शंका असेल तर तासन् तास लांबून नजर ठेवा.

मग खुणेसाठी फोटो काढा आणि जाण्याची वाट ठरवा. कायद्याने चारही पायांचं आणि पाठीच्या पट्ट्यांचं खाण्याजोगं मांस उचलावंच लागतं. जनावर नर होतं याचा पुरावाही मांसाला जोडलेला ठेवावा लागतो, कसा ते त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघून जा. कातडं लवकर काढा, कारण दाट केसांखाली उष्णता कोंडून मांस खराब होतं. तुकडे जाळीच्या कापडी पिशव्यांत घालून सावलीत वारा लागेल असे पसरा. अस्वलांच्या भागात मांस आतड्यांपासून शंभरेक मीटर दूर, लांबून दिसेल अशा उघड्या जागी ठेवा, आणि परत येताना आधी दुर्बिणीतून बघा.

मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस ३५-४० किलो भरतं. ओलं कातडं आणि डोकं वेगळं. दोन माणसांना एक फेरी, एकट्याला दोन किंवा तीन. अंधारात उतरू नका, रात्र तिथेच काढा.

परतल्यावर ठरलेल्या मुदतीत शिंगं आणि खालच्या जबड्यातला पुढचा दात सरकारी तपासणीला द्यायचा असतो. त्यावरून वय आणि लिंग नोंदलं जातं आणि पुढच्या वर्षीचे परवाने ठरवताना ती नोंद वापरतात. वय तुम्हीही शिंगावरच्या वलयांवरून काढू शकता: वलयं मोजा आणि एक मिळवा, कारण पहिल्या हिवाळ्याचं वलय नीट दिसत नाही.

कातडं टांगून ठेवायचं नसेल तर फेकू नका. त्लिंगिट आणि त्सिम्शियन या तिथल्या किनाऱ्यावरच्या मूळनिवासी लोकांच्या चिल्कट शाली याच लोकरीत यलो सीडर या झाडाच्या सालीचे धागे मिसळून विणतात, आणि ती विणणारे हात आजही आहेत. जवळच्या समाजकेंद्रात विचारा, लोकर हवी असेल तर ते सांगतात. मांस म्हाताऱ्या नराचं असेल तर चिवट असतं. पाठीचे पट्टे आणि आतला मऊ भाग तव्यावर, बाकीचं दह्यात आणि कच्च्या पपईत रात्रभर मुरवून कुकरमध्ये, बोकडाच्या मटणापेक्षा दुप्पट वेळ. पायाच्या नळीकडचं मांस सरळ खिम्याला द्या.